गिळण्याच्या त्रासाला स्पीचवाले कशाला? थोडी मागची गोष्ट

पॅरालिसिसच्या पेशंटला डॉक्टर स्पीच थेरपिस्टकडे पाठवतात तेव्हा नातेवाईक हमखास विचारतात, अहो त्यांना बोलता येतंय की, घासच उतरत नाहीये, मग स्पीचवाले कशाला? प्रश्न रास्त आहे, कारण हे फील्ड सुरू झालं ते उच्चार, तोतरेपणा, आवाज यांच्यासाठी, गिळणं त्यात बरंच उशिरा आलं.

तोंड, घसा, अन्ननलिका असे गिळण्याचे तीन टप्पे फ्रान्सच्या माजांदीने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सांगितले होते. पण घशातला टप्पा जेमतेम एका सेकंदात उरकतो, तेवढ्यात टाळू मागून उचलून नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्र वर सरकतं, स्वरतंतू मिटतात, श्वास थांबतो आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं, आता हे बाहेरून दिसणार कसं? १८९५ ला एक्स-रे सापडला आणि पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन नावाच्या मेडिकलच्या पोराने प्राण्यांवर प्रयोग सुरू केले, एक्स-रेत उठून दिसणारं बिस्मथ मिसळलेलं खाणं घशातून कसं उतरतं ते बघायला. पुढे बिस्मथ जाऊन बेरियम आलं. तरी सगळा भर अन्ननलिका आणि पोटावरच, आणि मुळात ज्याला ठसका लागतो त्याला घोटच्या घोट बेरियम पाजायचं म्हणजे आगीत तेल.

खरा बदल केला तो अमेरिकेतल्या जेरी लोगमन यांनी, त्या स्वतः स्पीचवाल्या. त्यांनी बेरियम अगदी थोडं द्यायचं ठरवलं, पातळ, मग घट्ट, मग बेरियम लावलेला बिस्किटाचा तुकडा, आणि सगळं एक्स-रेच्या व्हिडिओवर. १९८३ ला यावर त्यांचं पुस्तक आलं, त्यानंतर या कामाला जोर आला. १९८८ मध्ये सुझन लँगमोर आणि सहकाऱ्यांनी नाकातून दुर्बीण घालून गिळणं बघायची पद्धत मांडली. जीभ, टाळू, स्वरयंत्र ही बोलण्याचीच मंडळी, म्हणून हे काम स्पीचवाल्यांकडे आलं हे तसं ओघानेच झालं.

या व्हिडिओंमुळे एक भयंकर गोष्ट ठळक झाली, काही पेशंटचं पाणी श्वासनलिकेत जातं आणि साधा खोकलाही येत नाही. पुढे न्यूमोनिया झाला की मग कळतं. आपल्याकडे ठसका लागला की घरचे ‘वर बघ, वर बघ’ करतात, थेरपिस्ट मात्र बऱ्याच पेशंटना हनुवटी छातीकडे घेऊन गिळायला सांगतात (सगळ्यांना नाही हं, आधी तपासणीत बघून). आणि पाणी सगळ्यात सोपं वाटतं ना, तेच बऱ्याचदा सगळ्यात अवघड, कारण ते घशात भर्रकन उतरतं, जरा दाट पेज त्यापेक्षा आवरते.

आपल्याकडे म्हैसूरची वाचा-श्रवण संस्था १९६५ ची, मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ ची, पण बहुतेकांना हे लोक माहीत ते कानाच्या मशीनसाठी आणि मुलांच्या बोलण्यासाठीच. तंबाखूने जिभेचं, गालाचं ऑपरेशन झालेले एवढे पेशंट असताना अजूनही कितीतरी जण नाकात राईल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली जेवणाची नळी) घेऊन घरी जातात, आणि ती काढून परत तोंडाने जेवायला कोण शिकवणार हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.