कर बाटलीवर की साखरेवर?

मोठ्या पेल्यात साधं पाणी घ्या आणि त्यात नऊ चमचे साखर विरघळवा. दोन घोटांत तोंडाला मिठी बसेल. कोलाच्या 330 मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये जवळपास एवढीच, म्हणजे सुमारे 35 ग्रॅम साखर असते, तरी ती सहज घशाखाली उतरते. कोलातलं फॉस्फोरिक आम्ल गोडी दाबतं आणि गारव्यामुळे ती आणखी बोथट होते. मोठ्या माणसाने दिवसभरात अशी साखर 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इथे एका कॅनमध्येच ती हद्द ओलांडली जाते.

त्यात अशी प्यायलेली साखर पोटाच्या हिशेबात नीट धरलीच जात नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचा 2000 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यासाठी पाहण्यासारखा आहे. 15 जणांना चार आठवडे रोज 450 कॅलरींच्या जेलीच्या गोळ्या दिल्या आणि वेगळे चार आठवडे तेवढ्याच कॅलरींचं सॉफ्ट ड्रिंक. गोळ्या खाताना त्यांचं बाकीचं खाणं आपसूक कमी झालं. सॉफ्ट ड्रिंकच्या वेळी ते कमी झालं नाही, आणि वजन वाढलं.

मग अशा गोड पेयांवर कर लावून हे पिणं कमी होतं का? होतं. मेक्सिकोने 1 जानेवारी 2014 पासून लिटरमागे एक पेसो कर लावला, किंमत साधारण 10 टक्क्यांनी चढली. पहिल्या वर्षी खरेदी सरासरी 6 टक्क्यांनी घटली, गरीब घरांत त्याहून जास्त. पण हा आकडा जवळून बघायला हवा. माणशी रोज 12 मिलिलिटर, म्हणजे अडीच चमचे! कॅलरी जेमतेम पाच. एवढ्याने कुणाचा कमरेचा पट्टा सैल होणार, असं टीकाकार विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण मला तो अर्धवट वाटतो. सरासरी काढताना सणासुदीला घोटभर पिणारा आणि रोज बाटली संपवणारा एकाच मापात मोजले जातात. शिवाय दुसऱ्या वर्षी घट 10 टक्क्यांच्या जवळ गेली.

मला खरी आशा वाटते ती ब्रिटनच्या कराकडे पाहून. तिथे कर द्रवाच्या मापावर नाही, साखरेच्या टप्प्यांवर बसवला. 100 मिलिलिटरमध्ये 5 ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर शून्य, 5 ते 8 ग्रॅमला लिटरमागे 18 पेन्स, त्यापुढे 24 पेन्स, असे सुरुवातीचे दर होते. घोषणा मार्च 2016 मध्ये झाली, अंमल एप्रिल 2018 मध्ये सुरू झाला. मधल्या दोन वर्षांत अनेक कंपन्यांनी पाककृतीच बदलल्या आणि साखर 5 ग्रॅमच्या खाली आणली. मुलं तीच बाटली उचलत राहिली, पण आत साखर कमी होती. कुणालाही आपली सवय मोडावी लागली नाही, आणि सवय मोडणं किती अवघड असतं हे आपण सगळेच जाणतो.

केंब्रिजच्या संशोधकांनी 2023 मध्ये शाळेतल्या मुलांच्या वजनाच्या नोंदी तपासल्या. कर नसता तर जे प्रमाण अपेक्षित होतं, त्याच्या तुलनेत 10-11 वर्षांच्या मुलींमधली स्थूलता 8 टक्क्यांनी कमी दिसली, गरीब वस्त्यांत ही घट थोडी अधिकच. त्याच वयाच्या मुलग्यांमध्ये मात्र तशी घट दिसली नाही. अशा अभ्यासात सगळं श्रेय एकट्या कराला देता येत नाही, हे खरं. तरी किडके दात काढण्यासाठी मुलांना रुग्णालयात दाखल करण्याचं प्रमाणही अपेक्षेपेक्षा 12 टक्क्यांनी कमी निघालं, आणि दातांना तर साखर थेटच भिडते.

याउलट अमेरिकेतलं फिलाडेल्फिया शहर. तिथे 2017 पासून दर औंसाला (सुमारे 30 मिलिलिटरला) दीड सेंट कर आहे. शहरातली विक्री निम्म्यावर आली, पण त्यातली सुमारे पाव घट लोकांनी हद्दीपलीकडच्या दुकानांतून भरून काढली. हा कर साखरेच्या प्रमाणावर नाही, औंसांवर आहे. बिनसाखरेच्या डाएट पेयांनाही तोच दर लागतो. त्यामुळे पेयातली साखर निम्मी केली तरी कंपनीचा एक सेंटही वाचत नाही.