कायरोप्रॅक्टिक : आहार व मेंदूविषयक विचार

पाठीच्या मणक्यांना हाताने नेमका व झटपट दाब देऊन दुखण्यावर उपचार करणारी पद्धती. ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट येथे उदयास आली. आज अनेक कायरोप्रॅक्टर मणक्यांबरोबरच आहार, झोप आणि स्मरणशक्ती यांविषयीही सल्ला देतात. हा सल्ला मूळ सिद्धांतात नव्हता. तो पुढे बाहेरून येऊन मिळाला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

प्रवर्तक डॅनिएल डेव्हिड पामर (१८४५–१९१३) मूळचे कॅनडाचे. डॅव्हनपोर्टमध्ये ते चुंबकीय उपचार, म्हणजे हातांवाटे कथित ‘चुंबकीय शक्ती’ देऊन रोग बरा करण्याचे उपचार, करीत. हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराला सतरा वर्षे नीट ऐकू येत नव्हते. त्याच्या पाठीतील सरकलेला मणका बसवल्यावर त्याला ऐकू येऊ लागले, असे पामर यांनी नोंदवले आहे. त्यांनी दिलेली तारीख १८ सप्टेंबर १८९५ रूढ झाली. मात्र १८९७ च्या आरंभी छापलेल्या लिलार्डच्या निवेदनावरून ही घटना १८९६ च्या जानेवारीतील असावी, असेही काही अभ्यासक मानतात. लिलार्डच्या मुलीने सांगितलेली हकिकत निराळीच आहे : गप्पांच्या ओघात पामर यांनी लिलार्डच्या पाठीवर थाप मारली आणि पुढे काही दिवसांनी त्याला ऐकण्यात फरक जाणवला. श्रवणतंत्रिका (ऐकण्याची नस) कानातून थेट मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदूच्या बुंध्यात, जाते, पाठीच्या मणक्यांतून जात नाही. त्यामुळे पामर यांनी दिलेली कारणमीमांसा शरीररचनेशी जुळत नाही.

अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्येच मिझुरीतील कर्क्सव्हिल येथे ऑस्टिओपॅथीचे (हाडे व सांधे हाताने हाताळून उपचार करण्याच्या पद्धतीचे) विद्यालय काढले होते. पामर यांनी त्यांचीच पद्धत उचलली, हा आरोप जुना आहे. मणके बसवण्याची कला प्राचीन असल्याचे पामर यांनी स्वतःही मान्य केले होते. मणक्यांच्या मागच्या व बाजूच्या प्रवर्धांचा (हाडाच्या पुढे आलेल्या टोकांचा) तरफेसारखा उपयोग प्रथम आपण केला, एवढाच त्यांचा दावा होता. तो दावा मर्यादित असल्याने अधिक विश्वसनीय वाटतो.

मणका किंचित सरकला की मज्जातंतूंचे कार्य बिघडते आणि त्यातून रोग उद्‌भवतो, हा त्यांचा ‘सबलक्सेशन’ सिद्धांत. सरकण्याची कारणे तीन : आघात, विष आणि मनोविचार. आहाराचा शिरकाव झाला तो यांतील ‘विष’ या कारणामागून. तरीही पामर यांचे पुत्र बी. जे. पामर यांनी केवळ मणक्यांवरील उपचाराचा आग्रह धरला. १९०६ मध्ये स्थापन झालेले व पुढे शिकागोला गेलेले नॅशनल हे कायरोप्रॅक्टिकचे विद्यालय दुसऱ्या पंथाचे. या ‘मिश्र’ पंथीयांनी निसर्गोपचारातील पथ्य, जलोपचार व व्यायाम स्वीकारले. आजचा आहारसल्ला मुख्यतः या परंपरेचा वारसा आहे. म्हणून त्याची पारख मणक्यांच्या सिद्धांतावर न करता पोषणशास्त्राच्या कसोटीवर करणे योग्य.

१९६४ मध्ये डेट्रॉइटचे कायरोप्रॅक्टर जॉर्ज गुडहार्ट यांनी ‘उपयोजित कायनेसिऑलॉजी’ मांडली. तीत रुग्ण हात आडवा धरतो आणि तपासणारा तो खाली दाबतो. जिभेवर एखादा पदार्थ ठेवताच हात सैल पडला, तर तो पदार्थ बाधतो असे समजतात. कोणता पदार्थ आहे हे दोघांपासूनही लपवून घेतलेल्या चाचण्यांत ही पद्धत टिकली नाही. तिच्या आधारे जीवनसत्त्वांच्या बाटल्या विकत घेणे उचित नाही.

मेंदूच्या आरोग्याबाबतचा सर्वसाधारण सल्ला मात्र बराचसा ग्राह्य आहे : पालेभाज्या, कडधान्ये, अक्रोड-बदाम, मासे, नियमित चालणे, रक्तदाबावर नियंत्रण. फिनलंडमधील ‘फिंगर’ अभ्यासात (२०१५) आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि हृदयविकाराच्या जोखमींवर देखरेख यांच्या एकत्रित योजनेने वृद्धांची बौद्धिक क्षमता काही प्रमाणात टिकून राहिल्याचे आढळले. केवळ ‘माइंड’ आहाराची (मेंदूच्या आरोग्यासाठी आखलेल्या आहारपद्धतीची) चाचणी घेतली, तेव्हा (२०२३) तीन वर्षांअखेर तुलनेच्या गटाहून लक्षणीय फरक दिसला नाही. मणक्यांवरील उपचाराने स्मृतिभ्रंश टळतो, यास आधार नाही.

आहार व मज्जासंस्था यांचा ठळक संबंध दिसतो तो ब-१२ जीवनसत्त्वात. त्याच्या अभावी हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, विसराळूपणा वाढतो. शाकाहारी भारतीयांत ही कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळते, हे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील संशोधनाने दाखवून दिले आहे. अशा मुंग्या मणका दबल्यामुळे येत आहेत असे समजून उपचार लांबवला, तर मज्जारज्जूची हानी कायमची होऊ शकते. रक्ततपासणीने निदान सहज होते.

कंबरदुखीत मणक्यांवरील उपचाराचा माफक उपयोग होतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शनात त्याचा औषधाविना उपायांत समावेश आहे. ब्रिटनच्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिल या नियामक संस्थेने २०१० मध्ये, सबलक्सेशन हे रोगाचे कारण असल्याच्या दाव्यास संशोधनाचा आधार नसल्याचे म्हटले. मानेवरील झटक्यानंतर मानेतील धमनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे आहेत. ती विरळ असून, आधीच फाटू लागलेल्या धमनीच्या वेदनेमुळेच रुग्ण उपचारास येत असावा, असाही एक मत-प्रवाह आहे. अचानक उद्‌भवलेली तीव्र मानदुखी, चक्कर किंवा बोलण्यात अडखळणे असल्यास मानेला हात लावू देऊ नये. थेट रुग्णालय गाठावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पूर्ण प्रशिक्षणासाठी किमान ४,२०० तासांचे प्रत्यक्ष अध्यापन सुचवले आहे. भारतात या व्यवसायासाठी स्वतंत्र नियामक परिषद नाही.