नाताळचे झाड (कोकण किनारा)

नाताळच्या सणात घरात उभे करून सजवलेले झाड. रोजच्या बोलण्यात त्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. ‘नाताळ’ हा सणाचा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून आलेला आणि झाडाचे नाव मात्र इंग्रजी, कोकणात या दोन गोष्टी वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या हातांनी आल्याची खूण या नावांतच उरली आहे. वसईपासून उत्तन-गोराई, रेवदंड्याजवळचे कोर्लई आणि पुढे मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीपर्यंतच्या ख्रिस्ती घरांत हे झाड नाताळच्या दोन-तीन दिवस आधी लागते. तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीच्या आसपास, ते उतरते. झाड सुरूचे असते, नाहीतर कुंडीतले आरोकेरिया, नाहीतर प्लॅस्टिकचे.

उगम : ही चाल मूळची जर्मन भाषक प्रदेशातली. २४ डिसेंबर हा तिकडे आदाम आणि एवा यांचा दिवस मानला जाई. त्या दिवशीच्या धार्मिक नाटकात सफरचंदे लटकवलेले सूचिपर्णी झाड रंगमंचावर उभे करत. पुढे हे झाड घरात आले. श्ट्रासबुर्ग शहरातील १६०५ च्या एका नोंदीत दिवाणखान्यातल्या झाडांना कागदी गुलाब, सफरचंदे, पापडीसारख्या पातळ वड्या आणि मिठाई बांधल्याचे वर्णन आहे. १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरियाचे कुटुंब सजवलेल्या झाडाभोवती उभे असल्याचे चित्र छापून आले आणि ही चाल इंग्रजी घरांत झपाट्याने पसरली. विजेच्या दिव्यांचे पहिले झाड १८८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने आपल्या घरी लावले. कॅथलिक जगाने या झाडाला बराच काळ पाहुण्यासारखे वागवले. रोममध्ये संत पेत्राच्या चौकात ते पहिल्यांदा उभे राहिले ते १९८२ मध्ये.

कोकणात : १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. या दोनशे वर्षांत किनाऱ्यावर जो नाताळ रुजला तो दक्षिण युरोपातला, गव्हाणीचा नाताळ होता. त्यात झाड नव्हते. झाड आले ते इंग्रजी अमदानीत, मुंबईच्या वाटेने. मिशनऱ्यांनी ते आणले असे सरसकट म्हटले जाते, पण ते जपून घ्यायला हवे. स्कॉटिश मिशनरी १८२३ मध्ये बाणकोट-हर्णैला उतरले खरे, पण त्यांच्या पंथाला नाताळ साजरा करणेच फारसे पसंत नव्हते. खुद्द स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ मध्ये सुरू झाली. झाड पसरले त्यात शाळा, गोऱ्या साहेबांचे बंगले, मुंबईतल्या नोकऱ्या आणि शुभेच्छापत्रांवरची चित्रे यांचा वाटा मोठा असावा.

झाड असे मागाहून आल्यामुळे आजही मान गोठ्याचा असतो. गव्हाणीचा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा आधी मांडला जातो आणि झाड त्याच्या बाजूला किंवा मागे उभे राहते. जागा अपुरी पडली तर झाड गाळतात, गोठा गाळत नाहीत. गोठ्यातल्या गवतासाठी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पसरट डब्यात किंवा ताटलीत नाचणी पेरतात आणि हलक्या हाताने पाणी शिंपडतात. दहा-बारा दिवसांत बोटभर उंचीचे दाट पोपटी रान तयार होते. घटस्थापनेला धान्य पेरणाऱ्या शेजारणीला यात नवल वाटण्यासारखे काही नसते. बाळ येशूची मूर्ती मात्र बऱ्याच घरांत मध्यरात्रीच्या मिस्सेनंतरच, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतरच, गव्हाणीत ठेवतात. तोवर मरिया, योसेफ आणि गुरे रिकाम्या गवताकडे पाहत बसलेली असतात.

सुरू : कोकणातल्या नाताळच्या झाडाची सगळी रीत या एका झाडाने ठरवली आहे. फर किंवा स्प्रूस इथे उगवत नाहीत आणि हिमालयातला देवदार आणणे कोणाला परवडणारे नाही. किनाऱ्यावर सुयांसारखे दिसणारे, वर निमुळते होत जाणारे झाड एकच, ते म्हणजे सुरू. वसईकडे भुईगाव, राजोडी, कळंब, अर्नाळा या किनाऱ्यांवर सुरूची बने आहेत आणि खाली अलिबाग, दिवेआगरकडेही.

गंमत अशी, की सुरू हा सूचिपर्णी नव्हेच. तो फुले येणारा वृक्ष आहे. ज्यांना आपण सुया म्हणतो त्या त्याच्या बारीक, सांधेदार डहाळ्या असतात. खरी पाने म्हणजे प्रत्येक सांध्याभोवती असलेले सहा ते आठ खवल्यांचे कडे, आणि ते भिंगाशिवाय नीट दिसत नाही. किनाऱ्यावरच्या मुलांना हे वनस्पतिशास्त्र न शिकता ठाऊक असते. एक डहाळी सांध्यावर हलकेच तोडायची, पुन्हा जागच्या जागी बसवायची आणि समोरच्याला विचारायचे, कुठे तोडलंय ओळख. सुरूची बोंडे पाइनच्या फळांसारखी दिसतात, पण फार तर बोराएवढी भरतात.

हे झाडही बाहेरचेच. त्याची मूळ भूमी आग्नेय आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंतची. लॅटिन नावातले ‘कॅश्युअरिना’ हे कॅसोवरी पक्ष्याच्या लोंबत्या पिसांवरून पडलेले आहे. हिंदुस्थानात त्याची मोठी लागवड १८६८ च्या सुमारास कारवारच्या किनाऱ्यावर सुरू झाली, ती जळणासाठी. वाळूत तग धरणारे, खाऱ्या वाऱ्याला न जुमानणारे आणि मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र देणारे हे झाड पुढे वाऱ्याला आडोसा म्हणून किनाराभर लावले गेले. तरी मोठ्या वादळापुढे त्याचे चालत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावरचे सुरू ओळीने आडवे झाले.

नाताळसाठी सबंध झाड तोडत नाहीत. शेंडा किंवा एखादी डौलदार फांदी घेतात, साधारण चार ते सहा फुटांची. वाडीत स्वतःचे सुरू असले तर प्रश्नच नाही. नसले तर उधाणाने मुळे उघडी पडून कललेल्या झाडाच्या फांदीवर नजर ठेवलेली असते. वनखात्याच्या बनातून परवानगीशिवाय तोडणे हा गुन्हा आहे, आणि तो अधूनमधून घडतो हेही खरे.

उभारणी : तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा घेतात. तळाशी दोन दगड, मध्ये फांदी, भोवती समुद्राची ओली वाळू चेपून भरलेली. डबा निम्माच भरला तर पंख्याच्या वाऱ्याने झाड कलते, म्हणून वाळू काठोकाठ हवी. वरून तांब्याभर पाणी रोज घातले तर हिरवेपणा दोन दिवस जास्त टिकतो. डब्याला रंगीत कागद, जुनी साडी किंवा गोणपाट गुंडाळतात. सुरू फार लवकर आणला की फसगत होते: चार-पाच दिवसांत तो मलूल पडतो, नव्या वर्षाच्या सुमारास तपकिरी होतो आणि गळलेल्या डहाळ्या चटईत अडकून अनवाणी पायांना टोचत राहतात. म्हणून फांदी २२-२३ तारखेला, ऊन उतरल्यावर कापण्याची पद्धत आहे.

दागिने : सुरूची डहाळी लवचिक आणि खाली झुकणारी असते. दुकानातला जड गोळा तिला लावला की तो घसरून फरशीवर येतो, काचेचा असेल तर फुटतो. फरच्या आडव्या, ताठ फांद्यांसाठी जर्मनीतल्या लाउशा गावच्या कारागिरांनी फुंकलेले काचेचे गोळे कोकणात म्हणून फारसे रुजले नाहीत. इथे हलक्या वस्तू चालतात: क्रेप कागदाच्या झिरमिळ्या, चकचकीत कागदाच्या साखळ्या, काड्यापेटीला वर्ख गुंडाळून केलेल्या इवल्या भेटी, भोक पाडलेले शिंपले, नारळाच्या झावळीच्या हिरांचे तारे, सोनेरी रंग दिलेली सुरूचीच बोंडे. जड वस्तू लावायचीच असेल तर ती खोडालगत दोऱ्याने बांधतात. सावंतवाडीच्या चितारआळीत रंगीत लाकडी खेळणी आणि फळे मिळतात. त्यांतली सर्वांत लहान फळे अशी खोडाजवळ बांधलेली फार शोभतात. प्लॅस्टिकच्या बर्फकणांपेक्षा ती कितीतरी बरी.

बर्फ म्हणून कापूस पिंजून डहाळ्यांवर टाकतात. बाहेर दुपारचा पारा तिशीपार, माडाखाली माणसे घामाघूम आणि दिवाणखान्यात हिमवर्षाव. पूर्वी थर्माकोलचा भुगाही वापरत. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आल्यावर तो मागे पडला. त्याची आठवण काढावी असे त्यात काही नव्हते.

दमट खाऱ्या हवेचा त्रास वेगळाच. क्रेप कागद दोन रात्रींत सैल पडतो. तारेचे आकडे गंजतात आणि वर्षभर डब्यात ठेवलेला चंदेरी मुलामा काळवंडतो. अनुभवी घरांत दागिने तांदळाच्या मूठभर दाण्यांसह हवाबंद डब्यात ठेवतात आणि आकड्यांऐवजी शिवणाचा दोरा वापरतात. चॉकलेटे टांगली तर सकाळी मुंग्यांची रांग खोडावरून वर गेलेली दिसते.

चांदणी : झाडाच्या शेंड्यावरचा तारा छोटा असतो. खरी चांदणी दारात लागते. बेथलेहेमचा मार्ग दाखवणाऱ्या ताऱ्याची ही आठवण कोकणात आकाशकंदिलाच्या हातांनी घडली आहे. कळकाच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या तासायच्या. पाच-पाच कामट्यांचे दोन पंचकोनी तारे बांधायचे, ते एकमेकांवर ठेवून पाचही टोके दोऱ्याने आवळायची. मग आतल्या पाच छेदांवर चार-चार बोटांचे तुकडे उभे अडकवायचे, की सपाट तारा फुगून पोट धरतो. कामटीचे पेर एका जागी आले तर ती तिथे वाकत नाही, मोडते. म्हणून पेर टाळून तासणाऱ्याला गावात मागणी असते. वरून पतंगाचा किंवा जिलेटीनचा कागद, चिकटवायला मैद्याची खळ. खळीत चिमूटभर मोरचूद घातला की झुरळे कागद कुरतडत नाहीत. एक बाजू उघडी ठेवतात, दिवा सोडायला. दिवाळीत शेजाऱ्याचा कंदील करणारा आणि डिसेंबरात चांदणी करणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. दिव्यांच्या माळाही तशाच फिरतात: दिवाळीला एका घरी, तुळशीचे लग्न आटोपले की दुसऱ्या घरी.

दिवे : माळ आधी लावायची, दागिने नंतर. हा क्रम चुकला की सगळे उतरवावे लागते. माळ खोडाजवळून सुरू करून फांदीच्या टोकापर्यंत नेऊन परत आणली की झाडाला आतून खोली येते. नुसती बाहेरून गुंडाळली तर झाड दोराने बांधल्यासारखे दिसते. जुन्या माळांतले बल्ब एकसरीत जोडलेले असत. एक उडाला की सगळी माळ विझे आणि मिस्सेला निघायच्या वेळी घरातला थोरला एकेक बल्ब दाबून पाहत बसे. आताच्या एलईडी माळा तापत नाहीत, आणि सुकत चाललेल्या सुरूसाठी ही सोय मोलाची आहे. सुकलेला सुरू पेट घ्यायला उशीर लावत नाही. झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावण्याची जुनी युरोपीय हौस इथे करू नये. डब्यातल्या ओल्या वाळूपासून वायर आणि बोर्ड दूर ठेवावेत.

कुंडीतले आणि प्लॅस्टिकचे : रोपवाटिकेत ‘ख्रिसमस ट्री’ या नावाने मिळते ते आरोकेरिया. त्याच्या फांद्या मजल्यामजल्याने आडव्या फुटतात, म्हणून सजवायला सोपे. खारा वाराही त्याला सोसतो. एक जात ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील नॉरफोक बेटावरची, दुसरी न्यू कॅलेडोनियाची. दुसरीचे मोठे झाड विषुववृत्ताच्या दिशेला झुकते, म्हणजे आपल्याकडे दक्षिणेला. पाच-सहा नाताळ कुंडीत काढून मग ते अंगणात लावतात आणि दहा वर्षांनी कौलांच्या वर गेलेल्या त्या झाडाला चांदणी कशी लावायची हा प्रश्न उरतो. फ्लॅटमध्ये घडीचे प्लॅस्टिकचे झाड सोयीचे. कृत्रिम झाड ही तशी नवी कल्पना नव्हे: एकोणिसाव्या शतकात जर्मनीत हंसांची पिसे हिरवी रंगवून झाडे करत. वसई-मुंबई पट्ट्यात अख्रिस्ती घरांतही मुलांच्या हट्टाखातर हे झाड दिसते. तिथे गोठा नसतो, नुसते झाड आणि दिवे.

सणात आणि नंतर : झाड सजवण्याचे काम मुलांचे. मोठ्यांचे लक्ष त्या दोन दिवसांत स्वयंपाकघरात असते: करंज्या, दोदोल ही गूळ-नारळाची मिठाई, ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडच्या स्थानिक कॅथलिक) घरांत फुगे नावाचे तळलेले गोळे. तळणाचा वास झाडाच्या डहाळ्यांनाही लागतो. नातेवाईक आले की आधी गोठ्यासमोर हात जोडले जातात, मग पोरांनी झाडावर काय केले ते पाहिले जाते.

तीन राजांच्या सणानंतर दागिने उतरतात, दोरे कापले जातात, माळ वर्तमानपत्रावर गुंडाळली जाते. गोठ्यातली नाचणीची रोपे कोंबड्यांपुढे पडतात. वाळू अंगणात पावसाने झालेल्या खळग्यात ओतली जाते. सुरूचे लाकूड ओलसर असतानाही चांगले जळते. फांदी तोडून तिचे तुकडे आंघोळीच्या पाण्याच्या बंबाखाली जातात. दारातली चांदणी तेवढी कोणी उतरवत नाही. फेब्रुवारीच्या उन्हात तिचा लाल कागद गुलाबी होतो, मग पांढुरका, आणि पहिल्या वळवाच्या पावसात कामट्यांपासून सुटून लोंबू लागतो.