फुलपाखरांचे अभ्यासक महापौर

सह्याद्रीत ओल्या मातीवर बसणारं, काळ्या पंखांवर फिकट निळे-हिरवे ठिपके असलेलं ‘कॉमन जे’ फुलपाखरू अनेकांनी पाहिलं असेल. ग्राफियम डोसन या त्याच्या शास्त्रीय नावापुढे ‘फेल्डर व फेल्डर, १८६४’ असं लिहितात. हे दोघे म्हणजे बापलेक. त्यातले वडील, कायेतान फेल्डर, पेशानं वकील, छंदानं कीटक-अभ्यासक आणि १८६८ ते १८७८ या काळात व्हिएन्नाचे महापौर.

शहर तेव्हा झपाट्यानं वाढत होतं, पाणी मात्र बरंचसं विहिरींचं. घरांमधली घाण त्याच जमिनीत मुरायची आणि टायफॉइड हटायचा नाही. पाणी आल्प्समधून आणा, असा आग्रह भूगर्भशास्त्रज्ञ एदुआर्द झ्यूस यांनी धरला. (गोंडवाना महाखंडाची कल्पना पुढे मांडणारे ते हेच.) योजनेला मंजुरी आधीच्या महापौरांच्या काळातली, त्यामुळे सगळं श्रेय फेल्डरांना देता येणार नाही. पण मंजूर योजना आणि घरात वाहणारा नळ यांत किती वर्षं जाऊ शकतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको! फेल्डरांच्या कारकिर्दीत हे काम तीन-चार वर्षांत उरकलं.

कायझरब्रुन आणि स्टिक्सनस्टाइन इथले झरे शहराशी सुमारे ९५ किलोमीटरच्या वाहिनीनं जोडले. पंप एकही नाही. झरे शहरापेक्षा अडीचशेहून अधिक मीटर उंचावर, म्हणून किलोमीटरमागे सरासरी तीनेक मीटर उतार मिळतो. बोगदे आणि कमानींचे पूल बांधून तो सांभाळला की पाणी आपसूक येतं.

हे पाणी चुनखडकातून गाळून शुद्ध होत असेल, असं आपण सहज समजू. पण चुनखडकाला भेगा फार. पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी त्यांतून भराभर खाली उतरतं, गाळलं जातं ते थोडंच. पाणी स्वच्छ राहतं, कारण वर डोंगरात वस्ती नाही. म्हणूनच व्हिएन्ना आजही ते जंगल कडक राखतं.

१८७३ मध्ये व्हिएन्नात जागतिक प्रदर्शन भरलं. मे महिन्यात शेअर बाजार कोसळला, उन्हाळ्यात कॉलरा आला. नव्या पाण्याचं उद्घाटन झालं २४ ऑक्टोबरला, प्रदर्शन संपायला जेमतेम आठवडा उरला असताना. पाहुण्यांना त्याचा उपयोग शून्य. शहरातला टायफॉइड मात्र पुढच्या वर्षांत झपाट्यानं उतरला. १९१० साली दुसरी वाहिनी आली आणि आजही व्हिएन्नाचं बहुतेक पाणी या दोन वाहिन्यांतूनच येतं.