भुईमुगाला जिप्सम की गंधकाची पिशवी?

भुईमुगाला गंधक लागतं हे आता कुणाला सांगावं लागत नाही. घोळ होतो तो दुकानात. "जिप्सम संपलंय, हे गंधक न्या, यात 90 टक्के आहे," असं ऐकलं की 50 किलोच्या पोत्यांपेक्षा 10 किलोची पिशवी उचलायला कुणालाही बरी वाटते. आमच्या घरी एका उन्हाळी हंगामात असंच झालं. माळाची तांबूस, हलकी जमीन. वेल हिरवागार, बघणारा थांबून विचारेल असा. उपटला तर शेंगाही भरपूर. पण फोडायला बसलो तेव्हा बऱ्याच शेंगा अंगठ्याखाली चप्प बसत होत्या. आत दाणाच नाही. जे दाणे भरले होते, त्यातल्या काहींच्या डाळिंब्या वेगळ्या केल्या तर मधला कोंब काळा पडलेला. गंधक तर घातलं होतं. कमी पडलं होतं ते कॅल्शियम.

पिशवीतलं दाणेदार गंधक म्हणजे बेंटोनाइट मातीत बांधलेलं मूळ रूपातलं गंधक. त्यात कॅल्शियम धरण्यासारखं काही नसतं. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. शुद्ध जिप्सममध्ये साधारण 23 टक्के कॅल्शियम आणि 18 टक्के गंधक असतं; बाजारातल्या मालात त्याहून कमी निघतं. म्हणजे टक्क्यांच्या आकड्यावर तुलना केली की जिप्सम हलकं वाटणारच, कारण त्यातल्या कॅल्शियमचा हिशेब आपण धरतच नाही.

आणि भुईमुगाच्या शेंगेला ते कॅल्शियम थेट मातीतूनच मिळावं लागतं. मुळं जे कॅल्शियम घेतात ते पाण्याबरोबर वर पानांकडे जातं. पाणी पानांतून उडून जातं, कॅल्शियम तिथेच राहतं आणि परत खाली उतरत नाही. फूल गेल्यावर त्यातून निघालेली आरी, म्हणजे देठासारखी सुई, खाली वळते, मातीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग धरते. या शेंगेतून पाणी उडत नाही, म्हणून झाडाकडून तिच्या वाट्याला कॅल्शियम जवळजवळ येतच नाही. ती आपल्या सालीतून, भोवतीच्या ओल्या मातीतून ते घेते. त्यामुळे वेल हिरवा असूनही शेंग उपाशी राहू शकते. वरून बघून हे कळत नाही, कळतं ते काढणीला.

म्हणून जिप्सम दोनदा देतात: हेक्टरी 200 किलो पेरणीच्या वेळी आणि 200 किलो आऱ्या सुटताना. दुसरा हप्ता खोल गाडायचा नाही. शेंगा धरतात त्या वरच्या दोन-तीन इंचांत, ओळीच्या दोन्ही अंगाला टाकून कोळप्याने हलका मिसळायचा आणि झाडांना मातीची भर द्यायची. आऱ्या मातीत शिरल्या की कोळपं बंद.

वेळेच्या बाबतीतही दोघांत मोठा फरक आहे. जिप्सममधलं गंधक सल्फेट रूपात असतं, ओल मिळाली की पिकाला घेता येतं. दाणेदार गंधकाचं आधी जमिनीतल्या जिवाणूंनी सल्फेट करावं लागतं. त्याला ऊब, ओल आणि हवा लागते, शिवाय काही आठवडे जातात. ते पेरणीला किंवा त्याआधीच द्यावं. पीक पिवळं पडल्यावर टाकून लगेच गुण येत नाही. (भुरी रोगावर फवारायचं 80 टक्क्यांचं गंधक ही तिसरीच गोष्ट. ते खत म्हणून उचलू नका.)

म्हणून दाणेदार गंधक वाईट ठरत नाही. चुनखडीच्या जमिनीत त्याचं आम्ल होतं, ते चुन्याशी मिळून तिथेच थोडं जिप्सम तयार होतं. सोयाबीनची शेंग जमिनीवर असते, तिला भुईमुगासारखी कॅल्शियमची ही अडचण नाही. तिथे हेक्टरी 20 किलो गंधक द्यायचं तर ही पिशवी सोयीची. मात्र सोयाबीनला डीएपी या खताऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट घालत असाल तर पिशवी कशाला? 50 किलो डीएपीत 23 किलो स्फुरद (फॉस्फरस) मिळतं आणि गंधकाच्या नावाने शून्य. सुपर फॉस्फेटची 3 पोती घेतली तर 24 किलो स्फुरद आणि जोडीला 16 किलोच्या वर गंधक. डीएपीतलं 9 किलो नत्र (नायट्रोजन) भरून काढायला 20 किलो युरिया पुरतो.

तेलासाठी गंधक हवंच. दाण्यात तेल बनायची सुरुवात ज्या कोएन्झाइम-ए पासून होते, त्याच्या रचनेतच गंधक आहे. उलट नत्राचा मारा जास्त झाला की दाण्यात प्रथिनं वाढतात आणि तेलाचा टक्का उतरतो. त्यामुळे पीक फिकट दिसलं की लगेच युरियाकडे धावू नका, आधी कुठलं पान पिवळं आहे ते बघा. नत्र कमी पडलं की खालची जुनी पानं आधी पिवळी होतात, गंधक कमी पडलं की शेंड्याची कोवळी. कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर बहुधा लोह कमी आहे.

यंदा आऱ्या मातीत गेल्या आणि जिप्सम द्यायचं राहिलं असेल, तरी हात टेकू नका. शेंग आपल्या वाट्याचं बहुतेक कॅल्शियम मातीत शिरल्यानंतरच्या पहिल्या महिन्याभरात घेते. कोळपं न घालता जिप्सम ओळीलगत हाताने पसरा आणि लगेच पाणी द्या.