सही नसलेल्या ब्रिटिश जलरंगचित्रांची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या सूचीत कित्येक चित्रांपुढे चित्रकाराच्या नावाऐवजी ‘अनामिक, ब्रिटिश, अठरावे शतक’ एवढीच नोंद आढळते. शाई आणि जलरंगांतली अशी चित्रे पाहून कोणी हौशी माणूस सही करायला विसरला असावा, असे वाटते. परंतु त्या काळी ब्रिटनमध्ये हे काम ज्या पद्धतीने चाले, तिच्यात सहीला फारसे स्थानच नव्हते.

पिसाच्या लेखणीने शाईची बाह्यरेषा काढायची, करड्या पातळ रंगाने छाया भरायची आणि त्यावर फिकट रंग चढवायचे, ही रीत नकाशे काढणाऱ्यांच्या सवयीची होती. १७४५च्या जॅकोबाइट उठावानंतर (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या बंडानंतर) स्कॉटलंडची लष्करी मोजणी हाती घेण्यात आली आणि १७४७पासून चित्रकार पॉल सँडबी तिथे आरेखक म्हणून काम करू लागला. पुढे १७६८मध्ये तो वुलिच येथील लष्करी अकादमीत चित्रकला शिकवू लागला. तोफखान्याच्या भावी अधिकाऱ्यांनी गिरवलेले हे धडे म्हणजे कवायतीचाच एक भाग होता, आणि कवायतीवर सही कोण करणार?

चित्रांचे संग्राहक असलेले वैद्य डॉ. थॉमस मनरो यांच्या लंडनमधील घरी तर एकेका चित्राला दोन-तीन हात लागत. चित्रकार जोसेफ फॅरिंग्टनच्या १७९८च्या रोजनिशीनुसार टर्नर आणि गर्टिन हे दोघे तरुण चित्रकार तिथे संध्याकाळी सहा ते दहा बसत; जॉन रॉबर्ट कझन्स या चित्रकाराच्या अपूर्ण चित्रांवरून गर्टिन रेषा उतरवून घेई आणि टर्नर त्यांवर रंगछटा चढवी. टर्नरला एका रात्रीचे साडेतीन शिलिंग मिळत. मूळ कल्पना एकाची, रेषा दुसऱ्याची, रंग तिसऱ्याचा, अशा कागदाचा कर्ता कोणाला म्हणावे? १८३३मध्ये मनरो वारल्यावर त्यांचा संग्रह लिलावात निघाला, आणि कोणता हात कोणाचा, हा वाद त्या कागदांच्या मागे लागला तो अजून सुटलेला नाही.

जिथे नाव होते तिथेही ते अनेकदा चित्राभोवतीच्या रेघा आखलेल्या पुठ्ठ्यावर असे, आणि पुठ्ठा बदलला की नाव गेले. (याच्या उलट, पुण्याच्या रेसिडेन्सीत ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी वेरूळची लेणी चितारणाऱ्या गंगाराम तांबटांचे नाव मात्र टिकले.)

मग अभ्यासकाच्या हाती कागद उरतो. १७९४पासून इंग्लंडच्या कारखानदारांनी जलचिन्हात (कागद घडवतानाच त्यात उमटवलेल्या खुणेत) वर्ष घालायला सुरुवात केली, त्यामुळे व्हॉटमनसारख्यांचा कागद उजेडासमोर धरल्यावर काळाचा अंदाज येतो. पण त्यावरून चित्र कोणत्या वर्षाआधीचे नाही एवढेच कळते. कागद घरात दहा वर्षे पडून राहिला असेल, तर ते जलचिन्ह सांगत नाही.