राणीमाशीच्या अंड्यातले हमाल

'गर्भधारणेसाठी रॉयल जेलीच्या कॅप्सूल' ही जाहिरात परवा पुन्हा फोनवर आली. म्हणे, मधमाश्यांची राणीमाशी रॉयल जेली, म्हणजे कामकरी माश्यांनी स्रवलेलं अन्न, खाते आणि दिवसाला दीड हजार अंडी घालते! खाते, हे खरं. पण तिचं अंडाशय घडतं ते अळीच्या वयात. राणीच्या प्रत्येक अंडाशयात दीडशेच्या आसपास अंडनलिका, म्हणजे अंडी घडवणाऱ्या बारीक नळ्या, होतात, कामकरीच्या जेमतेम 2 ते 12. बाईचं अंडाशय असं घडतच नाही. त्या कॅप्सूलवर पैसे घालवू नका.

मला वेड लावलंय ते त्या नलिकांमधल्या हमालीने.

मधपेटीतली पोळ्याची चौकट उन्हाकडे तिरकी धरली की कोठडीच्या तळाशी उभं टेकलेलं अंडं दिसतं. दीड मिलिमीटरचं, पांढरं. त्यातला बराचसा माल दुसऱ्यांनी भरलेला असतो. एका मूळ पेशीच्या डझनावारी पेशी होतात, पण विभाजन अर्धवट राहतं आणि मधे कड्यांसारख्या खिडक्या उघड्याच राहतात. त्यातली एकच पेशी अंडं होते. बाकीच्या पोषक पेशी आरएनए (प्रथिनं बनवण्याचे निरोप), प्रथिनं आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीची ऊर्जाकेंद्रं) बनवून खिडक्यांतून तिच्याकडे धाडतात.

ही वाहतूक सर्वांत बारकाईने उलगडली ती फळमाशीत, तिच्या अंडनलिकेची रचनाही अशीच आहे. पेशीत सूक्ष्मनलिकांचे रूळ असतात. प्रत्येक रुळाला एक अधिक आणि एक उणे टोक. कायनेसिन हे प्रथिन बहुतेक वेळा अधिक टोकाकडे चालतं, डायनीन उणे टोकाकडे. सुरुवातीला उणे टोकं अंडपेशीत असतात, म्हणून पोषक पेशींतला माल डायनीन आत ओढतं.

कायनेसिन दोन पायांवर चालतं. मागचा पाय पुढे, मग दुसरा. दर पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च, पाऊल 8 नॅनोमीटरचं. डायनीनची तऱ्हा वेगळी. आज आयआयटी मुंबईत असलेले रूप मल्लिक आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये डायनीन चिकटवलेला सूक्ष्म मणी लेझरच्या चिमट्यात धरून दाखवलं, की ओझं नसताना डायनीन 24 ते 32 नॅनोमीटरची ढांग टाकतं आणि ओझं वाढलं की पाऊल 8 वर आणतं. घाट चढताना गाडीचा गिअर बदलावा तसं!

फळमाशीच्या अंड्यात पुढे कायनेसिन 'ऑस्कर' नावाचा आरएनए मागच्या टोकाला पोचवतं. पिल्लाच्या प्रजनन पेशी कुठे होणार, ते तिथेच ठरतं. मधमाशीकडे ऑस्कर जनुकच नाही. तिच्या प्रजनन पेशी अंडं घातल्यावर, भ्रूण वाढत असताना ठरतात.